पुलाच्या कोणत्या बाजूला

शुक्रवारी दुपारी तीनला फोन वाजायचा म्हणजे वाजायचाच. गुणवंतच्या तिकडे पोलंडमध्ये तेव्हा एक वाजलेला असे. कारखान्याची जेवणाची सुट्टी असे आणि तो पोस्टातल्या काचेच्या खोक्यात उभा राहून बोले. चार शुक्रवार असेच गेले होते. हा पाचवा, आणि तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

विभावरी फोनपासून हातभर अंतरावर सतरंजीवर बसली होती. रिसीव्हर नीट बसलाय की नाही हे तिने दोनदा पाहिलं होतं. तिसऱ्यांदा उचलून डायल टोन ऐकायचा मोह तिने आवरला, कारण नेमका त्याच क्षणी त्याचा फोन लागत असला तर? एसीचा घरघराट सोडला तर शारजातल्या अल मजाजच्या त्या बारा मजली इमारतीत आवाज नव्हता. जुलै होता. शाळा बंद होत्या आणि सगळी बिऱ्हाडं इंडियाला गेली होती. त्यांच्या मजल्यावरच्या सहा फ्लॅटांपैकी चारांना कुलूप होतं. गुणवंतचं ट्रेनिंग सहाच आठवड्यांचं, तो आला की तिघं मिळून जाऊ असं ठरवून ती पाच वर्षांच्या मैथिलीला घेऊन मागे राहिली होती. आता तिला तो निर्णय कोणीतरी दुसऱ्याच बाईने घेतल्यासारखा वाटत होता.

टीव्ही आवाज बंद करून चालू ठेवला होता. पडद्यावर मातकट पाणी दिसत होतं आणि त्यात लाल कौलारू छपरं. एका छपरावर कुत्रा होता.

"मम्मा, इज दॅट बाबाज् हाउस?"

"नाही गं. बाबाचं घर दुसरीकडे आहे."

"व्हेअर?"

ते विभावरीलाही माहीत नव्हतं.

तिची भीती सोमवारीच सुरू झाली होती. तेव्हा टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशात मध्य युरोपावर एक निळा डाग दिसला होता आणि निवेदिकेने हसत हसत पुढचं शहर घेतलं होतं. पण विभावरीने पुण्याला भूगोल घेऊन बी.ए. केलं होतं. नकाशावर उंची दाखवणाऱ्या समोच्चरेषा काढून काढून तिची बोटं काळी झालेली होती. डोंगरात सोमवारी पडलेलं पाणी सोमवारी कुणाला बुडवत नाही, ते उतरत येतं आणि सपाटीवर तीन-चार दिवसांनी पोचतं, हे तिला पाठ होतं. ओद्रा नदी चेक डोंगरांतून निघते आणि ऑपोले प्रांतातून वर उत्तरेला जाते. मंगळवारी, बुधवारी ती त्या पाण्याबरोबर मनाने एकेक गाव खाली सरकत होती आणि बातम्या तिच्या मागून येत होत्या. गुरुवारी बातम्यांत ऑपोलेचं नाव आलं. ती आधीच तिथे पोचलेली होती.

बुधवारीच तिने गुणवंतच्या ऑफिसात फोन केला होता. कंपनी सिमेंट कारखान्यांची यंत्रं बसवायची, आणि तिथे व्हिसा-तिकिटांचं बघणारे मुनीरभाई सगळ्यांशीच हिंदीत गोड बोलायचे.

"भाभीजी, टेन्शन मत लो. फॉर्म में ऑपोले लिखा है."

"ऑपोले शहर की ऑपोले प्रांत? प्रांताचं नाव आणि मुख्य शहराचं नाव एकच आहे हो. शहरात तर त्यांचं फक्त ऑफिस आहे. वर्कशॉप तासाभरावर कुठल्या तरी गावात आहे, हे राहतात तिकडे."

"देखिए, फॉर्म में प्लेस का एक ही खाना है. हमने ऑपोले लिख दिया. उधर का फॅक्स लग नहीं रहा. खलास, सॅटर्डे को ऑफिस खुलेगा, मैं खुद फॉलोअप करूँगा, इन्शाल्ला."

शनिवारी! मुनीरभाईंचं तरी काय चुकलं होतं म्हणा. त्यांच्याच कागदांत खोरफक्कानला काम करणारी माणसंही 'शारजा' म्हणूनच लिहिलेली असत. खोरफक्कान शारजाचंच, पण डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्रावर, दीड-दोन तास दूर. शारजात पूर आला म्हणून खोरफक्कानच्या माणसासाठी कोणी रडलं तर वेडं ठरेल. या विचारावर विभावरीने बुधवारची रात्र काढली होती. पण तो उलटाही फिरवता येत होता, शहर वाचलं तरी गाव बुडू शकतं, आणि गुरुवारी तो उलटा फिरला.

पत्ता तिने गुणवंतकडे पहिल्याच फोनला मागितला होता. तो हसला होता. "अगं, नऊ वर्षं गल्फमध्ये राहून पत्ता कसला मागतेस? आपल्या घराला तरी आहे का? पोस्ट बॉक्स नंबर आणि 'मशिदीमागची क्रीम बिल्डिंग'. पत्रं मी कारखान्याच्या थैलीत टाकतो, ती ऑपोलेच्या ऑफिसातून सुटतात. फोन मी करेनच." आणि तिनेही ते चालवून घेतलं होतं. शारजात कोणालाच गल्ली नंबर, घर नंबर लागत नसे. गोल चौक, पेट्रोल पंप, त्यामागे लॉन्ड्री, लॉन्ड्रीवर आम्ही. माणसं पोचत होती. एवढी वर्षं सगळी माणसं पोचत होती.

दारावर थाप पडली. समोरच्या फ्लॅटमधली मैमुनाबी, रत्नागिरीकडची, पन्नाशीची. हातात झाकलेली थाळी.

"फोन आला काय गो?"

विभावरीने मान हलवली.

"मग असा फोनापुढे देव बसवल्यासारखा काय बसतंस? तो काय तुझ्याकडे बघून वाजणार हाय? ऊठ, दोन घास खा. पोर बघ, तिचा तोंड सुकला."

"मैमुनाबी, मला कुठे आहेत तेच माहीत नाही. टीव्हीवर बुडालेलं गाव दाखवतात आणि मला ते त्यांचं आहे की नाही ओळखता येत नाही."

"पत्रा हायत ना?"

"तीन आहेत आणि एक कार्ड. पण त्यात पत्ता नाही. नुसतं चर्चच्या पुढे अन् बेकरीच्या वर."

"मग आणखी काय पायजे?" मैमुनाबीने थाळी ठेवली. "आमचो हारुन रोज काय करतो? फर्निचर घेऊन अख्ख्या शारजात, अजमानात फिरतो. त्याला कोण पत्ता देता? गिऱ्हाईक लोकेशन मॅप फॅक्स करता. एक चौकोन, दोन रेघा, बाण. तो कपाट घेऊन बरोबर दारात. तुझा माणूस कपाटापेक्षा लहान हाय काय?"

विभावरी उठली. कपाटाच्या कप्प्यातून गुणवंतने ठेवलेलं त्या पोलिश कंपनीचं माहितीपत्रक तिने काढलं. मागच्या पानावर गोधडीच्या तुकड्यांसारखा एकोणपन्नास प्रांतांचा नकाशा होता, आणि खाली वॉर्साच्या मुख्य कचेरीचा फॅक्स नंबर. वॉर्सा दूर होतं, वेगळ्या नदीवर. वॉर्सात पाणी नव्हतं. वर्कशॉप कुठल्या गावात ते वॉर्साच्या लोकांना माहीत असणारच.

तिने घड्याळ पाहिलं. पावणेचार. तिकडे पावणेदोन. आज शुक्रवार, म्हणजे इथे सगळं बंद आणि तिथे सगळं चालू. उद्या इथे सगळं चालू आणि तिथे सोमवारपर्यंत सगळं बंद. पत्रकावर कचेरीची वेळ छापलेली होती, चारपर्यंत. इथले सहा. सव्वादोन तास होते, आणि कोपऱ्यावरचं टायपिंग सेंटर शुक्रवारी साडेचारच्या आत उघडत नसे.

ती पत्रं घेऊन जमिनीवर बसली.

गुणवंतची पत्रं त्याच्या बोलण्यासारखीच होती. पहिल्यात त्याने खास तिच्यासाठी लिहिलं होतं: "तुझ्या विषयाचं सांगतो. इथे प्रांत, आणि प्रांताखाली थेट ग्मिना. ग्मिना म्हणजे पाच-दहा गावांची मिळून एक मोठी ग्रामपंचायत समज. मधे तालुका नाही. होता म्हणे, बावीस वर्षांपूर्वी काढून टाकला, आता परत आणायच्या गप्पा चालल्यात. आमच्या गावाची तर वेगळीच तऱ्हा. मधून नदी जाते, ओद्रेला मिळणारी, लहानशीच. अल्याड एक ग्मिना, पल्याड दुसरी. लाकडी पुलाच्या दोन टोकांना दोन पाट्या. कचऱ्याचे डबे इकडे हिरवे, तिकडे करडे. एकमेकांशी बोलत नाहीत. डबे नाही, ग्मिना!"

दुसऱ्यात होतं: "संध्याकाळी सुटलो की कारखान्याच्या फाटकासमोरचं दोन शिखरांचं चर्च मागे टाकायचं, मग उतार, उतार संपला की बेकरी. बेकरीच्या वर आमचं हॉस्टेल. आम्ही सहा जण, दोन इजिप्तचे, तीन व्हिएतनामी आणि तुझा नवरा."

तिसरं पत्र पावाविषयी होतं, गुणवंतला खाण्याविषयी लिहायला आवडे. ते तिने भराभर वाचलं आणि बाजूला ठेवलं.

कागदावर तिने पेन्सिलीने नदी काढली. पूल काढला. एका काठावर दोन शिखरांचं चर्च आणि समोर कारखाना. चर्चकडून उतरती रेघ. आणि उताराच्या कडेला, नदीपासून चांगलं वर, एक चौकोन. पोलिश भाषेत बेकरीला काय म्हणतात हे माहीत नसल्याने चौकोनात तिने एक पाव काढला. पावावर माळा, माळ्याला खिडकी. समोच्चरेषा वळणदार आल्या. चौकोन तिसऱ्या रेषेवर होता. तिसऱ्या रेषेपर्यंत पाणी येत नाही.

खाली तिने इंग्रजीत लिहिलं: माझे पती गुणवंत टिपणीस, भारतीय, शारजाहून तुमच्या वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगला आलेले, बरोबर आणखी पाच परदेशी माणसं. या इमारतीत राहतात. कृपा करून शोध घ्या. आणि टायपिंग सेंटरचा फॅक्स नंबर.

साडेचारला मैमुनाबीचे भाऊ हारुनभाई पिकअप घेऊन खाली आले. सेंटर चालत पाच मिनिटांवर होतं, पण मैमुनाबीने ऐकलं नाही. "उन्हात पोर घेऊन चालतंस? बस गाडीत. यल्ला."

सेंटरचा मलबारी मालक नुकतंच शटर वर करत होता. त्याने नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. "मॅडम, लाइन बिझी." काउंटरवर मैथिलीने रबरी शिक्के एकाशेजारी एक उभे केले. पाच वाजले. सव्वापाच. विभावरी मशीनच्या हिरव्या दिव्याकडे बघत होती. आत्ता फोन आला तर? घरात कोणी नाही. तो वाजून वाजून थांबेल आणि तो म्हणेल, गेली वाटतं कुठेतरी. किंवा फोन येणारच नाही. या दोन्हीतलं कशाला जास्त घाबरायचं ते तिला ठरवता येईना.

पाच वीसला मशीनने शीळ घातली आणि कागद ओढून घेतला.

"गया," मलबारी म्हणाला.

हारुनभाईंनी मूळ कागद उचलला होता. ते नकाशे वाचणारे गृहस्थ होते, पेपरातल्या बातम्यांसारखे रोज वाचणारे. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले.

"काय रे?" मैमुनाबीने विचारलं.

"काय नाय. पूल कशाला काढलाय, ता बघतंय."

"म्हणजे?" विभावरी म्हणाली.

"म्हणजे असा, विभाबाय. गिऱ्हाईक जेव्हा मॅपात पूल काढता, तेव्हा मला तो ओलांडायचा असता. नायतर कशाला काढील? तुमच्या मॅपात चर्च पण हीकडे, कारखाना पण हीकडे, बेकरी पण हीकडे. पुलावरून कोणच जात नाय. मग तो बिचारो कशाला हाय थय?"

"पूल आहे म्हणून काढला. पत्रात लिहिलंय." तिचा आवाज चढला. "मी भूगोल शिकले आहे, हारुनभाई."

"बरोबर हाय," हारुनभाई म्हणाले, आणि कागद काउंटरवर ठेवला.

तेवढ्यात मशीन पुन्हा वाजलं. कागद आतून बाहेर येऊ लागला, ओळीओळीने, असह्य हळू. वॉर्साहून कुणा बाईने हाताने, तुटक इंग्रजीत लिहिलं होतं. वर्कशॉपचं गाव माहीत आहे. गावात पाणी आहे. आमच्या यादीत हॉस्टेल नाही, ते वर्कशॉपच्या मॅनेजरने ठरवलं होतं, त्याचा फोन बंद आहे. नदी ही दोन ग्मिनांची हद्द आहे. प्रत्येक ग्मिनेची बोट आपल्याच काठावर फिरते. चर्चच्या बाजूची ग्मिना म्हणते, आमच्या बाजूला परदेशी कोणी नाही. दुसऱ्या बाजूची म्हणते, परदेशी कारखान्याचे, म्हणजे चर्चच्या बाजूचे. तुम्ही चर्चची बाजू दाखवली आहे. तुमची खात्री आहे का? मी पंचवीस मिनिटं इथे आहे. मग कचेरी बंद होईल. मला एकाच ठिकाणी जोर लावून सांगता येईल.

घड्याळात पाच पस्तीस झाले होते.

विभावरीने ते दोनदा वाचलं आणि हारुनभाईंना मराठीत सांगितलं.

"पत्रा आणलीत?" त्यांनी विचारलं.

आणली होती. पर्समध्ये होती. वाचून झाली की चार दिवस ती पर्समध्येच जात होती.

"वाचा. बेकरी जिथे जिथे हाय, ता सगळा वाचा."

तिने दुसऱ्या पत्रातलं वाचलं. चर्च मागे टाकायचं, मग उतार, उतार संपला की बेकरी.

"उतार संपला की. बरा. उतार संपतो थय काय असता? पाणीच असता ना? पुढे?"

"पुढे काही नाही."

"तिसरा पत्र?"

"त्यात नुसतं पावाचं आहे."

"पावाचाच वाचा. बेकरी पाव सोडून काय विकता?"

मैमुनाबीने मैथिलीला जवळ ओढून घेतलं. विभावरीने तिसरं पत्र उघडलं. घडीवर शाई पुसट झाली होती. ती वाचू लागली आणि तिचा आवाज ओळीगणिक लहान होत गेला.

"सकाळी निघताना खालून गरम पाव घेतो. तो कागदात गुंडाळून देतात. पुलाच्या मधोमध उभा राहून खातो, हात भाजतात. खाली बदकं. पाव संपतो आणि पलीकडे भोंगा वाजतो, मग पळत सुटतो."

हारुनभाईंनी बोटाने टेबलावर एक रेघ ओढली. बोट निघालं, मधे थांबलं, पुढे गेलं.

"बेकरी," ते हळू म्हणाले. "पूल. भोंगा."

विभावरीला ते आत्ता कळलं असं नव्हतं. दुपारी ते पत्र भराभर वाचून बाजूला ठेवताना तिच्या डोळ्यांनी ती ओळ पाहिली होती. पाहून पुढे गेली होती. कारण पुलाच्या पलीकडे कुरणं होती. कार्डावर गुणवंतने लिहिलंच होतं की हॉस्टेलच्या मागे सपाट कुरणं आहेत, गायी चरतात, आणि बेकरीवाला म्हातारा सांगतो की आमच्या काठाला दर वसंतात तळं साचतं. ते कार्ड मैथिलीच्या नावाचं होतं, गायींसाठी पाठवलेलं. ते तिला तोंडपाठ होतं. तिने नवऱ्याला तिथून उचललं होतं आणि पेन्सिलीने टेकडीवर ठेवलं होतं, तिसऱ्या रेषेवर, जिथे पाणी येत नाही.

"विभाबाय, वीस मिन्टा हायत."

"मी त्यांना तिकडे ठेवलं तर..." ती म्हणाली आणि थांबली. हे वाक्य मूर्खपणाचं आहे हे तिला कळत होतं. कागदावर कुठेही काढलं तरी माणूस जिथे आहे तिथेच असतो. पण हात पुढे होईना. टेकडीवरचा चौकोन पुसला की तो कोरडा राहणार नव्हता.

"बाय गो," मैमुनाबी म्हणाली, आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती, "तू चुकीच्या दारात पाठवशीत तर बोट येईल नि परत जाईल. कपाट असता तर उद्या परत नेला असता."

विभावरीने मालकाकडे खोडरबर मागितलं. चौकोन पुसला. पाव पुसला, खिडकी पुसली. कागद तिथे खरबरीत झाला. मग पुलावरून पेन्सिल पलीकडे नेली आणि अगदी काठाशी, जिथे एकही समोच्चरेषा नव्हती, तिथे नवा चौकोन काढला. त्यात पाव. वर माळा, माळ्याला खिडकी. खिडकीत सहा ठिपके. सहावा ठिपका काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं. मलबाऱ्याने न बोलता स्वतःचं पेन पुढे केलं. तिने पेनने बाण काढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: चर्चच्या समोरचा काठ. चर्चचा नाही. खात्री आहे.

लाइन बिझी होती. पुन्हा बिझी. पाच पन्नास. मलबारी 'ईश्वरा' म्हणाला आणि पुन्हा नंबर फिरवला. पाच त्रेपन्नला शीळ वाजली.

उत्तर आलं नाही. सहा वाजले, सव्वासहा झाले, मशीन गप्प होतं. हारुनभाई म्हणाले, "बाईने वाचला असेल तर ती फोनावर असेल. उत्तर लिवायला बसली असती तर मला भ्या वाटला असता." हे खरं की नुसतं समाधान, विभावरीला कळलं नाही. घरी येताना लगूनच्या पाण्यावर ऊन चमचमत होतं. तिने मैथिलीचा चेहरा आपल्या कुशीत वळवला, तिने पाणी बघू नये म्हणून. मग कळलं की स्वतःलाच बघायचं नव्हतं.

शनिवारी मुनीरभाईंचा फोन आला, फॉलोअप चालू आहे. दुपारी एकला मैमुनाबीने डाळ-भात आणला. विभावरीने मैथिलीला भरवलं. स्वतःच्या तोंडात घातलेला घास फिरत राहिला. तिने टीव्ही बंद केला होता. जी छपरं दाखवत होते त्यांतलं एकेक आता तिला बेकरीचं दिसत होतं.

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. लांबची, दुहेरी घंटा. ती धावली नाही. मैमुनाबीने उचलून तिच्या कानाला लावला.

"विभा?"

तिने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला.

"विभा, ऐकतेस ना? मी बरा आहे. सगळे सहा जण बरे आहोत. दोन दिवस माळ्यावर होतो. पाणी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आलं होतं. बोटी दिसायच्या गं, पण समोरच्या काठाला. आम्ही चादरी हलवायचो, ते हात हलवायचे आणि निघून जायचे. त्यांना वाटे, त्या काठाचं बघायला त्या ग्मिनेचे लोक येतीलच. आणि आमच्या ग्मिनेला वाटे, हे कारखान्याचे." तो हसू बघत होता, पण हसू मधेच तुटत होतं. "आज सकाळी एक बोट सरळ आमच्याच खिडकीखाली. पुढे एक पोरगेला सैनिक, हातात फॅक्सचा कागद. कागद वर धरून ओरडतोय आणि पावाच्या चित्रावर बोट ठेवतोय. मी म्हटलं हे अक्षर... विभा, ते तुझं अक्षर होतं. भिजलेलं. तुला बाजू कशी कळली? मी तर कधी लिहिलं नव्हतं कुठल्या काठाला राहतो."

विभावरीने कपाळ भिंतीला टेकलं. भिंत एसीने गार झाली होती.

"लिहिलं होतंस," ती म्हणाली. "पाव खाताना."

"काय?"

"काही नाही. आत्ता कुठे आहेस?"

"एका शाळेत ठेवलंय. उंचावर आहे, घाबरू नकोस. चर्च आहे ना, त्याच्या मागून वर चढलं की..."

"मागून नको."

"अगं पण..."

"गुणवंत, मागून नको, वर नको, समोर नको. मला पत्ता हवाय. शाळेचं नाव, रस्ता, नंबर, गाव, ग्मिना, प्रांत, पिन कोड. सगळा."

"मला ते वाचतासुद्धा येत नाही गं. नुसती व्यंजनं आहेत."

"मग कोणालातरी बोलव आणि अक्षर अक्षर सांगायला लाव. मी थांबते."

रिसीव्हर कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मागे लहान मुलं रडत होती, भांडी वाजत होती, गुणवंत कोणाला तरी हातवारे करून समजावत असावा. मैमुनाबीने पेन आणून दिलं. कागद म्हणून विभावरीच्या हाताला कालचा नकाशाच लागला. तिने तो उलटा केला. मागून पुसलेल्या जागेचा खरबरीतपणा बोटांना लागत होता. ती पेन टेकवून बसली. मग रिसीव्हर उचलला गेला आणि एका अनोळखी बाईच्या आवाजाने, सावकाश, इंग्रजीत पहिलं अक्षर सांगितलं. विभावरीने ते मोठ्याने परत म्हटलं, लिहिलं आणि म्हणाली, "यस. नेक्स्ट."